पोर्तुगाल, १९७४ : कॅप्टनांचं वर्ष

प्रश्न असा आहे : "१९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये एकही गोळी न झाडता एका दिवसात क्रांती झाली, असं पुस्तकात दोन ओळींत दिलंय. जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात कशी पडते? त्या वर्षी आणखी काय घडलं? आणि गोव्याचा त्याच्याशी खरंच संबंध आहे, की आपण उगाच जोडतो?"

एकतीस वर्षं मी पदवीच्या वर्गांना आधुनिक युरोप शिकवला. हिटलर-मुसोलिनीला आठ-दहा तासिका आणि पोर्तुगालला उरलेला अर्धा तास, अशी वाटणी ठरलेली. तो अर्धा तास मला कधी पुरला नाही. तेव्हा उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या दोन ओळी दुरुस्त करू. गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसं मेली. एका दिवसात जे पडलं ते सरकार होतं. क्रांती म्हणावं असं जे काही होतं ते पुढे दीड-दोन वर्षं चाललं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'लष्कराने उठाव केला' हे मोघम वाक्य. लष्कर म्हणजे कोण? सेनापती नव्हेत. त्यांनी तर सहा आठवडे आधीच रांगेत उभं राहून सरकारला निष्ठा वाहिली होती. उठाव केला कॅप्टन आणि मेजर हुद्द्याच्या, तिशी-पस्तिशीच्या माणसांनी. कॅप्टनच का, हे एकदा कळलं की त्या वर्षाचं कुलूप उघडतं.

मागचं थोडक्यात सांगतो. १९२६ च्या लष्करी बंडानंतर पोर्तुगालमधली लोकशाही संपली. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आंतोनियो सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाला, १९३३ मध्ये त्याने आपली राज्यघटना आणली आणि त्या राजवटीला नाव दिलं 'एस्तादो नोव्हो', म्हणजे नवं राज्य. एकच पक्ष, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची निळी पेन्सिल आणि 'पीडे' नावाचे गुप्त पोलीस. १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला मार लागला आणि त्याच्या जागी मार्सेलो काएतानो आला. हा कायद्याचा प्राध्यापक. सालाझार १९७० मध्ये वारला. आपण आता पंतप्रधान नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मंत्री येऊन त्याच्यापुढे बैठकीचं नाटक करायचे, असं सांगतात. काएतानोने पीडेचं नाव बदलून 'डीजीएस' केलं, दूरदर्शनवर तो घरगुती गप्पांसारखी भाषणं करू लागला, सेन्सॉरचा फास किंचित सैल झाला. आफ्रिकेतलं युद्ध मात्र तसंच चालू राहिलं.

हे युद्ध तीन आघाड्यांवर होतं. अंगोला १९६१ पासून, गिनी (आजचा गिनी-बिसाउ) १९६३ पासून, मोझांबिक १९६४ पासून. नव्वद लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश आणि १९७४ च्या सुमारास दीड लाखाच्या आसपास सैन्य आफ्रिकेत, त्यात स्थानिक भरतीही आली. मेलेल्या सैनिकांचा आकडा आठ हजारांच्या वर जातो. पोरगा अठरा-वीसचा झाला की आईबाप त्याला रात्री सीमा ओलांडून फ्रान्सला पाठवायचे. लाखो माणसं अशी गेली, काही पोटासाठी, काही बंदुकीपासून सुटण्यासाठी.

आता कॅप्टन. गनिमी युद्धात मोठ्या फौजा समोरासमोर येत नाहीत. जंगलात एखादं ठाणं असतं, त्यात सव्वाशे-दीडशे माणसांची एक कंपनी. तिचा प्रमुख कॅप्टन. जनरल राजधानीत नकाशापुढे, कर्नल विभागीय मुख्यालयात आणि सुरुंगाने पाय गेलेल्या पोराला झोळीतून आणायचं काम कॅप्टनचं. दोन वर्षांची पाळी संपवून तो घरी यायचा, थोडे महिने बायकापोरांत काढायचा, की पुन्हा दुसऱ्या वसाहतीत रवानगी. काहींच्या अशा तीन-तीन, चार-चार पाळ्या झाल्या. हे युद्ध जिंकता येणार नाही, हे त्यांना कुठल्याही विश्लेषकाच्या आधी कळलं होतं.

तरी बंड तत्त्वावरून सुरू झालं नाही. सुरू झालं ज्येष्ठतेवरून! लष्करी प्रबोधिनीत जायला पोरं तयार नव्हती, अधिकारी कमी पडत होते. म्हणून जुलै १९७३ मध्ये सरकारने एक हुकूम काढला : सक्तीच्या भरतीतून आलेल्या तात्पुरत्या अधिकाऱ्यांनी छोटासा अभ्यासक्रम केला की ते कायम होतील आणि त्यांची आधीची नोकरीही ज्येष्ठतेत धरली जाईल. म्हणजे प्रबोधिनीत चार वर्षं घासून, दोनदा आफ्रिका भोगून आलेला कॅप्टन एका सकाळी उठतो आणि काल आलेला माणूस यादीत त्याच्या वर! ज्याने सरकारी नोकरीत ज्येष्ठता यादीवरून झालेली भांडणं पाहिली आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आरडाओरडा झाल्यावर सरकारने दुरुस्ती केली, ती मेजर आणि वरच्या हुद्द्यांना वाचवणारी. कॅप्टन तसेच राहिले. ९ सप्टेंबर १९७३ ला एव्होराजवळच्या एका शेतावर सव्वाशेहून अधिक अधिकारी जेवणाच्या निमित्ताने जमले. पुढे सरकारने तो हुकूम गुंडाळला, पण तोवर ही माणसं एकमेकांशी मोकळं बोलायला शिकली होती. बोलताबोलता ज्येष्ठतेचा विषय मागे पडला आणि युद्ध पुढे आलं. युद्ध थांबवायचं तर सरकार बदलायला हवं, इथपर्यंत ते हिवाळ्यात पोचले.

गोव्याचा पहिला धागा इथेच लागतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा तिथे तीन-साडेतीन हजार पोर्तुगीज सैनिक होते, विमानं नाहीत, धड शस्त्रं नाहीत. सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाला कळवलं होतं की शरणागती चालणार नाही, सैनिक एकतर विजयी होतील नाहीतर मरतील. व्हासालो ई सिल्व्हाने १९ डिसेंबरला शहाणपणा केला आणि शरणागती पत्करली. युद्धकैदी म्हणून काही महिने काढून ही माणसं मायदेशी परतली, तेव्हा स्वागताऐवजी संशय वाट्याला आला. १९६३ मध्ये व्हासालो ई सिल्व्हासह काही अधिकाऱ्यांना लष्करातून काढून टाकलं गेलं. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी यातून एक धडा घेतला : राजकारण्यांना तोडगा काढता आला नाही की खापर लष्करावर फुटतं. १९७३ मध्ये गिनीत बंडखोरांच्या हाती खांद्यावरून डागायची सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली, पोर्तुगीज विमानं पडू लागली आणि २४ सप्टेंबरला तिथल्या चळवळीने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. कॅप्टनांना दुसरा गोवा दिसू लागला. हे मी उगाच जोडत नाही, त्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यात गोवा वारंवार येतो.

१९७४ सुरू झालं ते महागाई आणि तेलटंचाई घेऊन. आदल्या वर्षीच्या अरब-इस्राएल युद्धात अझोर्स बेटांवरचा आपला तळ अमेरिकेला वापरू दिल्याने अरबांनी पोर्तुगालचंही तेल रोखलं होतं. २२ फेब्रुवारीला जनरल आंतोनियो दे स्पिनोला याचं 'पोर्तुगाल आणि भविष्य' हे पुस्तक बाजारात आलं. स्पिनोला गिनीचा माजी गव्हर्नर, एका डोळ्यावर काच लावणारा, स्वतःच्या छबीवर खूश असलेला माणूस. युद्धाचा निकाल लष्करी मार्गाने लागणार नाही, एवढंच त्याने लिहिलं आणि उपाय म्हणून वसाहतींसह एक संघराज्य सुचवलं. उपाय कालबाह्यच होता. पण सेनादलांचा उपप्रमुख हे छापतो, याचाच हादरा बसला.

काएतानोने मग १४ मार्चला सेनापतींना बोलावून निष्ठेचा सोहळा केला. सेनादलांचा प्रमुख कोस्ता गोमेस आणि स्पिनोला, दोघे गेले नाहीत. दोघांना त्याच दिवशी पदावरून काढलं. जे गेले त्या म्हाताऱ्या सेनापतींना लोकांनी नाव ठेवलं 'संधिवात ब्रिगेड'. दोनच दिवसांनी काल्दास दा रैन्या इथली एक पलटण एकटीच लिस्बनच्या दिशेने निघाली, कोणी साथ दिली नाही, परत आली, सुमारे दोनशे जण अटकेत पडले. सरकारला वाटलं, झालं, फोड फुटला. कॅप्टनांना मात्र त्यातून एक फुकटची रंगीत तालीम मिळाली. कुठली पलटण हलते, कुठली गप्प बसते, पोलीस किती वेळात येतात, हे सगळं दिसलं. पुढची आखणी मेजर ओतेलो साराइव्हा दे काव्हाल्यो याने केली.

इशाऱ्यासाठी त्यांनी रेडिओ निवडला. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका केंद्रावरून पाउलो दे काव्हाल्योचं एक प्रेमगीत लागलं, निरोपानंतरच्या एकटेपणाचं. याच गाण्याने त्याच महिन्यात ब्रायटनच्या युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालचं प्रतिनिधित्व केलं होतं आणि ३ गुण मिळवून तळ गाठला होता. त्यावर कुणाला संशय येणार? त्याचा अर्थ होता 'तयार राहा'. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी दुसरं गाणं लागलं, झेका अफोन्सोचं 'ग्रांडोला, व्हिला मोरेना'. खडीवर एका लयीत पडणाऱ्या पावलांचा आवाज आणि मग आलेंतेजो भागातल्या एका उन्हाने रापलेल्या गावाचं, बंधुभावाचं गाणं. अर्थ, 'निघालो, आता माघार नाही'. ते वाजवलं रेडिओ रेनासेन्साने आणि हे केंद्र कॅथलिक चर्चच्या मालकीचं. या योगायोगावर वर्गात हमखास हशा यायचा.

सांतारेंच्या घोडदळ शाळेत कॅप्टन साल्गेइरो माया, वय २९, मोझांबिक आणि गिनी दोन्ही भोगलेला. त्याने पोरांना मैदानात उभं केलं आणि सांगितलं की राज्यं अनेक प्रकारची असतात, समाजवादी राज्यं, भांडवलशाही राज्यं, आणि हे आपलं, जिथे येऊन आपण ठेपलो आहोत ते. पोर्तुगीजमध्ये 'एस्तादो' म्हणजे राज्यही आणि दशाही. आपली ही जी दशा झाली आहे ती आज रात्री संपवू, ज्याला यायचंय त्याने बाहेर रांग लावावी, नाही त्याने इथे राहावं, असा त्याचा मथितार्थ. सगळे आले. सुमारे २४० जण आणि जुनाट चिलखती गाड्या घेऊन तो पहाटे लिस्बनमध्ये शिरला. वाटेत लाल सिग्नल लागला तेव्हा चिलखती गाड्यांसह सगळी रांग थांबली होती, अशी गोष्ट सांगतात. मला ती खरी वाटते. शिस्तीत वाढलेली माणसं बंडातही सिग्नल पाळतात.

टेगस नदीकाठच्या तेरेइरो दो पासो चौकात मंत्रालयं आहेत. आतल्या मंत्र्यांनी भिंतीला भगदाड पाडून शेजारच्या नौदल मंत्रालयातून पळ काढला. नदीत एक युद्धनौका होती, तिला गोळीबाराचा हुकूम आला, तिने तोफ डागली नाही. आता जे सांगतो ते मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चौकाशेजारच्या नदीकाठच्या रस्त्यावर सरकारशी निष्ठावंत असलेला एक ब्रिगेडियर रणगाडे घेऊन आला. साल्गेइरो माया पांढरा रुमाल घेऊन, खिशात हातबॉम्ब ठेवून, एकटा चालत पुढे गेला. ब्रिगेडियरने एका कनिष्ठ अधिकाऱ्याला सांगितलं, झाड गोळी. त्याने नकार दिला, त्याला तिथल्या तिथे अटक झाली. मग हुकूम आला रणगाड्यातल्या जुझे आल्व्हेस कोस्ता नावाच्या कॉर्पोरलला. सक्तीच्या भरतीतला खेड्यातला पोरगा. तो आत शिरला, झाकण लावून घेतलं आणि बाहेरच आला नाही. ना हो म्हणाला, ना नाही. त्याने तोफ चालवली असती तर साल्गेइरो माया तिथेच संपला असता आणि बहुधा दुपारपर्यंत उठावही. पाठ्यपुस्तकात हा कॉर्पोरल नसतो.

तिकडे पहाटे ४ वाजून २६ मिनिटांनी रेडिओवरून पहिलं निवेदन वाचलं गेलं होतं : लोकांनी घरात राहावं. लोक घरात राहिले नाहीत, हाच फरक. उठाव होता तो क्रांतीकडे झुकला तो या अवज्ञेमुळे. बायका भाकरी, दूध, सिगारेटी घेऊन सैनिकांभोवती गोळा झाल्या. सेलेस्ते काएइरो नावाची एक चाळिशीची बाई एका हॉटेलात कामाला होती. हॉटेलचा पहिला वाढदिवस होता, मालकाने गिऱ्हाइकांना द्यायला कार्नेशन आणून ठेवली होती, पण रस्त्यावर ही धामधूम, म्हणून हॉटेल बंद ठेवून फुलं कामगारांना वाटून टाकली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती ओढत नव्हती. तिने फूल दिलं, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. एप्रिल हा कार्नेशनचा हंगाम, फुलवाल्यांकडेही ढीग होते. दुपारपर्यंत शहरभर तेच झालं. सेलेस्ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ९१ व्या वर्षी गेली, क्रांतीची पन्नाशी पाहून.

काएतानो कार्मो चौकातल्या रिपब्लिकन गार्डच्या बराकीत जाऊन बसला होता. साल्गेइरो मायाने बराकीला वेढा घातला, भोंग्यावरून मुदत दिली, दर्शनी भिंतीवर गोळ्या झाडल्या. चौकातली झाडं, भिंती, दिव्याचे खांब, सगळीकडे माणसं चढलेली. मी त्या चौकात गेलो आहे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम वाड्याच्या अंगणाहून थोडा मोठा, १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलेल्या चर्चच्या सावलीतला. चिलखती गाड्या तिथे वळवल्या कशा असतील, हाच विचार मनात आला. काएतानो म्हणाला, मी कॅप्टनपुढे शरण जाणार नाही, जनरल आणा, नाहीतर सत्ता रस्त्यावर पडेल. म्हणून स्पिनोलाला बोलावलं गेलं. ज्याने उठावाचं काही केलं नव्हतं तो संध्याकाळी गाडीतून आला आणि सत्ता घेऊन गेला. काएतानोला चिलखती गाडीत बसवून नेलं, पुढे मदेइरामार्गे ब्राझीलला. १९८० मध्ये तो रिओत वारला. साल्गेइरो मायाने मोठी पदं घेतली नाहीत, तो बराकीत परतला. १९९२ मध्ये कॅन्सरने गेला, ४७ वर्षांचा.

आता 'एकही गोळी नाही' याबद्दल. त्याच संध्याकाळी आंतोनियो मारिया कार्दोझो रस्त्यावरच्या डीजीएसच्या मुख्यालयातून बाहेरच्या गर्दीवर गोळीबार झाला. चार नागरिक मेले, कित्येक जखमी झाले. डीजीएसचा एक कर्मचारीही त्या दिवशी सैनिकांच्या गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुख्यालय शरण आलं. आज त्या इमारतीत महागडे फ्लॅट आहेत आणि बाहेर चौघांच्या नावांची पाटी आहे. या पोलिसांचा आणि आपला संबंध दूरचा नाही. गोव्यात सत्याग्रहींच्या पिढीला 'आजेंत मोंतेरो' हे नाव पक्कं लक्षात होतं. तो काझिमिरो मोंतेरो, मूळचा गोव्यातलाच, कैद्यांना मारहाण करण्यात कुप्रसिद्ध. पुढे याच माणसाने पीडेसाठी १९६५ मध्ये स्पॅनिश सीमेजवळ जनरल उंबेर्तो देल्गादोचा खून केला. देल्गादो म्हणजे १९५८ मध्ये सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला माणूस.

२६ आणि २७ एप्रिलला लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातले राजकीय कैदी सुटले. स्पिनोलाला सगळ्यांना सोडायचं नव्हतं, निवडून सोडायचं होतं. कैदी म्हणाले, सगळे नाहीतर कोणीच नाही. बाहेर नातेवाईक आणि वकील रात्रभर उभे. शेवटी दारं उघडली. मी हा भाग शिकवताना दर वर्षी थांबायचो आणि विचारायचो, या किल्ल्यात राहिलेला एक मराठी माणूस कोण? क्वचित एखादा हात वर यायचा. सांगलीचे मनोहर आपटे, म्हणजेच मोहन रानडे. आझाद गोमंतक दलाचे. १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, पोर्तुगालला नेले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते कैदेतच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढली, अण्णादुराईंनी पोपपर्यंत शब्द टाकला आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. दारं सर्वांसाठी उघडली ती आणखी पाच वर्षांनी.

पुढचे महिने भराभर घेतो. २५ तारखेलाच 'रेपुब्लिका' या संध्याकाळच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर लाल अक्षरांत छापलं की हा अंक कुठल्याही सेन्सॉरने पाहिलेला नाही. २८ एप्रिलला समाजवादी नेते मारियो सोआरेस पॅरिसहून रेल्वेने परतले, ३० तारखेला कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल विमानाने. १ मे ला लिस्बनमध्ये जो जनसागर लोटला तसा त्या शहराने आधी पाहिला नव्हता. १५ मे ला स्पिनोला राष्ट्राध्यक्ष झाला, दुसऱ्या दिवशी पहिलं हंगामी सरकार आलं आणि त्यात कुन्याल मंत्री! नाटोच्या संस्थापक देशात कम्युनिस्ट मंत्री, तोही शीतयुद्धात. वॉशिंग्टनची झोप उडाली. महिन्याअखेर किमान वेतन ठरलं, महिना ३,३०० एस्कुदो. झोपडपट्टीतल्यांनी रिकामी घरं ताब्यात घेतली, गोदी, टपाल, विमान कंपनी, सगळीकडे संप. न्यायाधीशपद आणि परराष्ट्र सेवा बायकांना खुली झाली. नोव्हेंबरच्या कायद्याने १८ वर्षांवरील सर्वांना मत मिळालं. पुढच्या वर्षी बरोबर २५ एप्रिललाच मतदान झालं आणि दहातले नऊ मतदार आले.

पण वर्षाचं खरं भांडण एका प्रश्नावर होतं : वसाहतींचं काय? कॅप्टनांच्या कार्यक्रमाचे तीन 'द' प्रसिद्ध आहेत, लोकशाही, वसाहतींची मुक्तता आणि विकास. तिन्ही शब्द पोर्तुगीजमध्ये 'द'ने सुरू होतात. स्पिनोलाला दुसरा 'द' सावकाश हवा होता, सार्वमत घेऊन, संघराज्य करून. आफ्रिकेतले सैनिक मात्र लढायलाच तयार नव्हते. कोणी नव्या तुकड्या पाठवू नका म्हणून घोषणा देत होतं, कोणी समोरच्या बंडखोरांबरोबर परस्पर युद्धबंदी करत होतं. ज्याच्या मागे सैन्य नाही त्याने वाटाघाटीत अटी काय घालायच्या? २७ जुलैच्या कायद्याने पोर्तुगालने वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य केला. ७ सप्टेंबरला मोझांबिकच्या चळवळीशी लुसाकात करार झाला, १० सप्टेंबरला गिनी-बिसाउला मान्यता मिळाली. स्पिनोलाने 'मूक बहुमता'ला साद घातली. २८ सप्टेंबरला त्याच्या समर्थनार्थ मोठा मोर्चा निघणार होता, डाव्यांनी लिस्बनच्या वाटांवर अडथळे उभारून तो होऊच दिला नाही. ३० तारखेला स्पिनोलाने राजीनामा दिला, कोस्ता गोमेस राष्ट्राध्यक्ष झाला. पुस्तकं स्पिनोलाच्या डोळ्यावरच्या काचेत अडकतात. माझ्या मते त्या वर्षातला खरा धोरणी माणूस कोस्ता गोमेस, जो बोलायचा कमी आणि टिकायचा जास्त. आफ्रिकेतल्या बाकीच्या वसाहती १९७५ मध्ये सुटल्या, अंगोला शेवटची, ११ नोव्हेंबरला. ती हकिगत वेगळी आणि रक्ताची आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. १९६१ नंतर तेरा वर्षं लिस्बनच्या कागदांत गोवा पोर्तुगालचाच प्रांत होता, भारताने 'बळकावलेला'. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नव्हते. उठावानंतरच्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले मारियो सोआरेस, ज्यांना सालाझारने १९६८ मध्ये साओ तोमे बेटावर हद्दपार केलं होतं. भारतात ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्र खातं आलं यशवंतराव चव्हाणांकडे. गोवा मुक्त झाला तेव्हा यशवंतराव शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, पुढे गोव्याच्या विलीनीकरणाचा वाद आणि १९६७ चा जनमत कौल त्यांनी जवळून पाहिला होता. ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत या दोघांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, संबंध पुन्हा सुरू झाले.

विद्यार्थ्यांना मी या कराराचं पहिलं कलम नीट वाचायला लावायचो. त्यात मान्यता सहीच्या दिवसापासून नाही. हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखांना भारताचा भाग झाले, त्या तारखांपासून आहे. म्हणजे लिस्बनने तेरा वर्षांचा आपला सगळा पत्रव्यवहार, निषेध, नकाशे मागच्या तारखेने रद्द केले. व्हासालो ई सिल्व्हाला त्याच राजवटबदलानंतर लष्करात हुद्दा परत मिळाला होता. परीक्षेत लिहिताना एवढं सांभाळा : सही ३१ डिसेंबर १९७४ ची, करार अमलात आला ३ जून १९७५ ला. पुष्कळ मार्गदर्शिकांमध्ये या दोन तारखांची अदलाबदल झालेली असते.